अमेरिकेत नर्सिंग शिकायचंय? मग ड्रग टेस्टचं आधी नीट समजून घ्या

अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश नक्की झाला की अभिनंदनाच्या पत्रामागोमाग एक लांबलचक यादी येते. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या लशींचे पुरावे, हेपॅटायटिस बी, क्षयाची तपासणी, सीपीआरचं प्रमाणपत्र, गुन्हेगारी पार्श्वभूमीची चौकशी, आणि त्यातच मधे कुठेतरी एका ओळीत ड्रग टेस्ट. न्यू जर्सीत वाढलेली आपली मुलं ती ओळ वाचून पुढे सरकतात. पुण्या-नाशिकहून किंवा मडगावहून थेट तिकडे निघालेल्यांना मात्र ती झोंबते. ‘आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी खात नाही, आणि आमच्या मुलीची लघवी तपासणार?’ ही आईबापांची पहिली प्रतिक्रिया असते. आपल्याकडे नर्सिंगला प्रवेश घेताना वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला दिला की काम भागतं, त्यामुळे राग येणं समजण्यासारखं आहे.

पण राग बाजूला ठेवून ही चाचणी कशी चालते ते शिकून घ्या, असं मी म्हणेन. ज्याने जन्मात कधी नशा केली नाही, तोही इथे अडकू शकतो. आणि तो अडकतो ते चुकलेल्या मुदतीत, घरून आणलेल्या औषधांच्या पिशवीत, नाहीतर नको तेवढ्या प्यायलेल्या पाण्यात.

आधी हे समजून घेऊ की चाचणी मागतं कोण. बहुतेक वेळा कॉलेजपेक्षा हॉस्पिटलचाच आग्रह जास्त असतो. दोन वर्षांची असोसिएट पदवी असो की चार वर्षांची बीएसएन, वर्गातल्या तासांइतकंच वजन क्लिनिकल्सना, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम करण्याला असतं. कॉलेजचा हॉस्पिटलशी त्यासाठी करार असतो आणि त्यात साधारणपणे अट असते की कर्मचाऱ्यांना लागू असलेले नियम विद्यार्थ्यांनाही लागू. त्यामुळे ‘मी चाचणी देणार नाही’ असं तुम्ही म्हणू शकता, जबरदस्ती कुणी करणार नाही. पण मग वॉर्ड नाही, वॉर्ड नाही म्हणजे क्लिनिकलचे तास नाहीत आणि तासांशिवाय पदवी नाही.

हॉस्पिटलं इतकी कडक का, याचं उत्तर औषधांच्या कपाटात आहे. फेंटानिल, मॉर्फिन, हायड्रोमॉर्फोन ही औषधं वॉर्डात हाताच्या अंतरावर असतात. २०१२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एक्सेटर हॉस्पिटलमध्ये हेपॅटायटिस सीची साथ उघडकीला आली. तिथला एक तंत्रज्ञ रुग्णांसाठी भरून ठेवलेल्या फेंटानिलच्या सिरिंजा चोरून स्वतःला टोचायचा आणि त्यातच सलाइन भरून परत ठेवायचा. त्याला स्वतःला हेपॅटायटिस सी होता. त्या एका हॉस्पिटलात तीसहून जास्त रुग्णांना लागण झाली आणि २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. तो नर्स नव्हता, विद्यार्थी तर नव्हताच. पण अशा प्रकरणानंतर कुठलं हॉस्पिटल विद्यार्थ्याला सवलत देईल?

कोर्टात जाऊन काही होतं का, असंही विचारलं जातं. मिझुरी राज्यातल्या लिन स्टेट टेक्निकल कॉलेजने २०११ मध्ये सगळ्याच नव्या विद्यार्थ्यांची सरसकट ड्रग टेस्ट सुरू केली, तेव्हा विद्यार्थी कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयात जिंकलेही. सरसकट चाचणी घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीच्या विरोधात ठरली. मात्र ज्या अभ्यासक्रमांत चूक झाली तर दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, त्यांना हा दिलासा मिळाला नाही. नर्सिंग कुठल्या बाजूला पडेल हे वेगळं सांगायला नको. शिवाय ही घटनात्मक अडचण सरकारी कॉलेजांची. खासगी कॉलेजांना तीही नाही.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. कॉलेज तुम्हाला एका ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडायला सांगतं. अनेक ठिकाणी हे कॅसलब्रांचसारख्या कंपनीचं असतं. तिथे पैसे भरायचे, बहुधा तुमच्याच खिशातून, की एक फॉर्म किंवा नोंदणी क्रमांक मिळतो. तो घेऊन क्वेस्ट किंवा लॅबकॉर्पसारख्या प्रयोगशाळेच्या कलेक्शन सेंटरवर जायचं. इथली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे तारखा. पुष्कळ कॉलेजं ठरावीक दिवसांचीच मुदत देतात. त्याआधी हौसेने करून घेतलेली चाचणी धरत नाहीत आणि मुदत टळली तर ‘चाचणीला नकार’ अशी नोंद करतात. नकार म्हणजे बहुतेक ठिकाणी पॉझिटिव्हच. ‘सर, दोन दिवस उशीर झाला, घ्या ना ॲडजस्ट करून’ हे आपलं हुकमी वाक्य तिथे चालत नाही. घराजवळचं सेंटर कुठलं, ते शनिवारी उघडं असतं का, आधी वेळ घ्यावी लागते का, हे फॉर्म हातात आला त्याच दिवशी पाहून ठेवा.

एकदा दिली की सुटलो, असंही समजू नका. काही कॉलेजं दरवर्षी घेतात, काही अचानक घेतात आणि वॉर्डात वागण्याबोलण्यावरून शंका आली तर त्याच दिवशी घेतात. हे सगळं विद्यार्थी-पुस्तिकेत, म्हणजे तिथल्या हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं. पानं शंभर असली तरी ‘सबस्टन्स’ हा शब्द शोधून तेवढा भाग दोनदा वाचा.

सेंटरवर काय होतं ते आधी माहीत असलं की अर्धी भीती कमी होते. पासपोर्ट किंवा फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं. जाकीट, पर्स, मोबाइल बाहेर ठेवायचा, खिसे रिकामे करून दाखवायचे, हात धुवायचे. आत गेल्यावर कमोडमधलं पाणी निळं दिसेल. त्यात मुद्दाम रंग टाकलेला असतो, म्हणजे कुणी तेच पाणी कपात मिसळू नये. नळ बंद केलेला असतो आणि फ्लश करू नका असं सांगितलेलं असतं. सवयीने हात जातो, तेवढा आवरा. साधारणपणे तुमच्याबरोबर आत कुणी येत नाही. बाहेर येऊन कप कलेक्टरच्या हातात दिला की तो आधी कपावरची तापमानाची पट्टी बघतो. संघीय पद्धतीत हे चार मिनिटांच्या आत व्हावं लागतं आणि पारा ३२ ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यान हवा. मग तुमच्या डोळ्यांदेखत बाटलीवर सीलची चिकटपट्टी लागते आणि तुम्ही आद्याक्षरं करता. बाटलीला सील लागेपर्यंत तिच्यावरची नजर हलवू नका, आणि सही करण्याआधी फॉर्मवरचं नाव-जन्मतारीख तपासा. आपल्या नावांचे घोळ होतात: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, कॉलेजच्या नोंदीत गायब, पोर्टलवर आडनाव आधी. फॉर्मची तुमची प्रत जपून ठेवा. कुठली औषधं घेता हे कलेक्टरला सांगायची गरज नसते. ते कुणाला सांगायचं ते पुढे येईल.

पाण्याचा मुद्दा इथेच. सोनोग्राफीला जाताना लिटरभर पाणी पिऊन जायचं, ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की लघवीची तपासणी म्हटलं की हात बाटलीकडेच जातो. इथे ते अंगाशी येतं. प्रयोगशाळा नमुन्यातलं क्रिएटिनिन मोजते. ते दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ च्या खाली आलं, की नमुना ‘पातळ’ ठरतो. मग तो निगेटिव्ह असला तरी काही कॉलेजं पुन्हा चाचणी मागतात, काही तर संशयानेच बघतात. सकाळी लवकरची वेळ घ्या, नेहमीसारखा चहा-नाश्ता करून जा, पाणी तहान लागेल तेवढंच प्या. तिथे गेल्यावर लघवी झालीच नाही, तर घाबरून निघून येऊ नका, कारण निघून येणं हाही नकारच. संघीय नियमांत अशा वेळी तीन तास थांबू देतात आणि त्या वेळात सव्वा लिटरच्या आतबाहेर पाणी पिऊ देतात. इतर सेंटरंही साधारण तसंच करतात.

तपासतात काय? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बहुधा दहा गटांची चाचणी असते: अ‍ॅम्फेटामिन, कोकेन, गांजा, अफूजन्य पदार्थ, पीसीपी, बेन्झोडायझेपीन, बार्बिट्युरेट, मेथाडोन वगैरे. जुन्या यादीत प्रोपॉक्सिफीनही असायचं, जे औषध २०१० मध्येच अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आरोग्यक्षेत्रासाठीच्या याद्यांत ऑक्सिकोडोन, ट्रमाडॉल, मेपेरिडीन, फेंटानिल यांची भर घातलेली असते, कारण हॉस्पिटलातून चोरीला जातात ती हीच. चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिली झटपट चाळणी, आणि त्यात काही सापडलं तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने पक्की खात्री. चाळणी ढोबळ असते, भलत्यालाही अडवते. पक्की चाचणी नेमका रेणू ओळखते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि आता आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट: खसखस. ती अफूच्याच बोंडातलं बी असते आणि तिच्यावर मॉर्फिनचा अंश राहतो. किती राहतो ते बी कुठलं, कसं धुतलेलं यावर ठरतं. पाव आणि केकवरच्या खसखशीने माणसं पॉझिटिव्ह येऊ लागली म्हणून अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये आपल्या चाचण्यांतली अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. पण ही मर्यादा सरकारी चाचण्यांनाच बंधनकारक. कॉलेजं आणि हॉस्पिटलं ज्या खासगी चाचण्या घेतात, त्यांत जुनी ३०० ची रेघ अजूनही असू शकते. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळायचाच सल्ला दिला. आणि इथे मास स्पेक्ट्रोमेट्रीही तुम्हाला वाचवत नाही, कारण सापडलेलं मॉर्फिन खरंच मॉर्फिन असतं. अनेक हँडबुकांत तर ‘खसखशीचं कारण ग्राह्य धरलं जाणार नाही’ असं सरळ लिहिलेलं असतं. अनारशाला लावलेली चिमूट वेगळी आणि वाटीभर खसखशीची खीर किंवा मटणाला लावलेलं खसखशीचं दाट वाटण वेगळं, हे खरं. पण दिवाळीचा डबा आणि सत्राच्या मधली अचानक चाचणी एकाच आठवड्यात येऊ शकतात. चाचणीआधी आठवडाभर खसखस पूर्ण बंद ठेवा. अचानक चाचण्या घेणारं कॉलेज असेल तर पदवी हातात येईपर्यंत डब्यातला खसखशीचा पुडा आईला परतच द्या.

भांगेचं आणि गांजाचं याहून सोपं आहे, आणि याहून कडकही. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये सार्वमताने आणि न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदा करून प्रौढांना गांजा मोकळा केला. कॉलेजच्या कोपऱ्यावर परवानाधारक दुकान दिसतं आणि मुलांचा समज होतो की आता यात काही नाही. पण संघीय कायद्याने तो असा मोकळा केलेला नाही, आणि हॉस्पिटलांचा व संघीय सरकारच्या पैशांचा संबंध जवळचा आहे. त्यामुळे राज्यात चालतं म्हणून वॉर्डात चालेल असं नाही. डॉक्टरने दिलेलं गांजाचं कार्डही बहुतेक नर्सिंग कॉलेजं मानत नाहीत. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरसुद्धा सापडू शकतो. ‘बाजूच्या खोलीत कुणी ओढत होतं’ हे कारण तर कुणी ऐकूनही घेत नाही. सांधेदुखीवर, झोपेवर म्हणून मिळणारी सीबीडीची तेलं आणि गोळ्यांपासूनही लांब राहा, कारण लेबलवर काहीही लिहिलेलं असलं तरी त्यात टीएचसी, म्हणजे गांजातला नशेचा घटक, निघू शकतो. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत, म्हणून भांग वेगळी वाटते. प्रयोगशाळेला पान आणि फूल यातला भेद कळत नाही. होळीच्या कार्यक्रमात थंडाई कुणी केली आहे ते माहीत नसेल तर साधं ताक मागून घ्या.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती औषधांच्या पिशवीची. मुलगी परदेशी निघाली की घर तिच्याबरोबर अख्खं दुकान बांधून देतं: खोकल्याचं सिरप, दाढदुखीची गोळी, झोप लागली नाही तर मावशीच्या पाकिटातल्या चार गोळ्या. त्या सिरपमध्ये कोडीन असेल तर शरीरात त्याचं मॉर्फिन होतं. दाढदुखीवर, पाठदुखीवर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ट्रमाडॉल असतं. २०१८ मध्ये भारतातही ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. मावशीची झोपेची गोळी बहुधा अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम, म्हणजे बेन्झोडायझेपीन. आयुर्वेदाच्या नावावर निर्धास्त राहू नका. कामिनी विद्रावण रसात अफू असते, जातीफलादी चूर्णात भांग. दुसऱ्याच्या नावची गोळी घेतली असेल, मग ती सख्ख्या बहिणीची का असेना, तर त्याचा बचाव नाही. परीक्षेच्या रात्री मैत्रिणीकडून घेतलेली एडीएचडीची गोळीही यातच मोडते. ती बहुधा अ‍ॅम्फेटामिन असते.

याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेलं औषध भीतीने सोडायचं असा मुळीच नाही. बेन्झोडायझेपीन तर एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात. औषध चालू ठेवा आणि कागद तयार ठेवा: डॉक्टरांच्या लेटरहेडवर टाइप केलेली चिठ्ठी, तुमचं पासपोर्टवरचंच नाव, औषधाचं मूळ नाव, मात्रा, तारीख, कशासाठी दिलं ते. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळणार नाही आणि आपल्या डॉक्टरांचं अक्षर तर आपल्यालाही कळत नाही. तिकडे पोचल्यावर कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात दाखवून शक्य तर तिथलं प्रिस्क्रिप्शन घ्या.

काही निरुपद्रवी औषधंही पहिल्या चाळणीत घोटाळा करतात. आपल्याकडे पित्तावर सकाळी उठून घेतली जाणारी पँटोप्रॅझोल गांजाच्या चाळणीत कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते, डेक्स्ट्रोमेथॉर्फन पीसीपीच्या. अमेरिकेत मिळणाऱ्या विक्सच्या नाकात ओढायच्या नळीत लेव्हमेटॅम्फेटामिन असू शकतं, आपल्याकडच्या नळीत नसतं. पक्क्या चाचणीत पँटोप्रॅझोल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन सुटतात. विक्सच्या बाबतीत मात्र रेणूचा डावा-उजवा प्रकार वेगळा तपासावा लागतो आणि तो तपासा असं सांगावं लागतं.

सांगायचं कुणाला? एमआरओला. हा परवानाधारक डॉक्टर असतो आणि पॉझिटिव्ह निकाल कॉलेजकडे जाण्याआधी तुम्हाला फोन करून विचारतो की याला काही वैद्यकीय कारण आहे का. योग्य प्रिस्क्रिप्शन असेल तर तो निकाल निगेटिव्ह म्हणून कळवतो. हा फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि आपली मुलं स्पॅम समजून तो कापतात. चाचणीनंतर आठवडाभर येणारा प्रत्येक फोन उचला, व्हॉइसमेल चालू ठेवा, पोर्टलवर भारतातला जुना नंबर नाही ना ते बघा. फोनवर थोडक्यात, खरं बोला आणि त्याच दिवशी चिठ्ठी पाठवा. मात्र प्रत्येक कॉलेजच्या चाचणीत एमआरओ असतोच असं नाही, कारण ही सक्ती सरकारी चाचण्यांत आहे. म्हणून तो आहे का, हे आधीच विचारून घ्या.

तंबाखूबद्दल एक वाक्य पुरे: क्लीव्हलँड क्लिनिकने २००७ पासून धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीवर घेणं थांबवलं, अशा हॉस्पिटलांत निकोटिनही तपासतात आणि त्यात मशेरीही सापडते.

इंटरनेटवर विकली जाणारी कृत्रिम लघवी, शरीर ‘स्वच्छ’ करणारी पेयं यांच्या वाटेला जाऊ नका. अनेक राज्यांत हा गुन्हा आहे, आणि बनावट नमुना हा पॉझिटिव्हपेक्षा वाईट समजला जातो.

आणि समजा निकाल पॉझिटिव्ह आलाच, तर रडत बसायच्या आधी लेखी मागणी करा. नुसत्या चाळणीवर निर्णय झाला आहे की पक्की चाचणी झाली आहे, सापडलेला पदार्थ कुठला आणि किती, आणि नमुन्याचा दुसरा भाग राखून ठेवला असेल तर तो दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येईल का. सरकारी पद्धतीत ही दुसरी तपासणी मागायला ७२ तास मिळतात. कॉलेजची मुदत हँडबुकमध्ये बघा, ती याहून कमीही असू शकते. कॉलेजने ठेवलेली तुमची कागदपत्रं पाहण्याचा हक्क फेर्पा या कायद्याने तुम्हाला दिला आहे. अपील करताना भावना कमी आणि तारखा जास्त लिहा.

ज्याला खरोखर व्यसन आहे त्याच्यासाठी मार्ग वेगळा आहे, आणि तो चाचणीच्या आधीचा आहे. अनेक राज्यांत नर्सना शिक्षा करण्याऐवजी उपचार आणि देखरेखीखाली ठेवण्याच्या योजना आहेत: फ्लोरिडात इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट फॉर नर्सेस, टेक्ससमध्ये टीपीएपीएन, न्यू जर्सीत रॅम्प. तुमच्या राज्यात विद्यार्थ्यांना घेतात का ते विचारा. आपणहून पुढे आलेल्याशी आणि पकडलेल्याशी कॉलेज सारखं वागत नाही. घरी सांगायची लाज वाटते म्हणून सत्रभर गप्प राहिलेला मुलगा पुढे परवान्याच्या अर्जावर, जिथे राज्याचं नर्सिंग बोर्ड अशा गोष्टी विचारतं, जास्त अडचणीत येतो.

एफ-१ व्हिसावर असाल तर आणखी एक टप्पा आहे. पॉझिटिव्ह चाचणी म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. पण अभ्यासक्रमातून काढलं, तर सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीतली, तुमची नोंद बंद होते आणि अमेरिकेत राहण्याचा आधार जातो. म्हणून काढल्याचं पत्र येण्याची वाट न बघता अपील चालू असतानाच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला भेटा. दुसऱ्या अभ्यासक्रमात बदली होऊ शकते का, सत्र सोडायचं तर ते कुठल्या तारखेच्या आत, हे त्यांच्याकडूनच लेखी घ्या. आणि नशा केल्याची कबुली देणारं कुठलंही निवेदन, कॉलेजला का असेना, इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करून देऊ नका. अशी कबुली पुढच्या व्हिसाच्या वेळी समोर येऊ शकते, खटला झालेला नसला तरी.